ट्रकच्या केबिनमध्ये वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टर: आठ महिने वापरल्यावर

इन्व्हर्टर किती वॅटचा घ्यावा यावर मी दोन आठवडे डोकं खाल्लं माझं आणि दुसऱ्यांचंही, आणि शेवटी घाम फोडला तो एका थिंबलने. थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवतात तो तांब्याचा कान. त्याचं पुढे सांगतो.

गाडी २४ व्होल्टची आहे, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. आधी माझा जुगाड असा होता की साधा मॉडिफाइड साइन इन्व्हर्टर (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट न देणारा) थेट गाडीच्या बॅटरीला जोडलेला आणि मोबाइल चार्जर, छोटा पंखा असलं १२ व्होल्टचं सामान दोनपैकी एकाच बॅटरीवरून काढलेलं. दोन्ही चुका. एकाच बॅटरीवरून १२ काढलं की ती कायम अर्धपोटी राहते आणि तिची जोडीदारीण ओव्हरचार्ज होते, महिन्याभरात दोघींचा मेळ बसेनासा होतो. आणि इन्व्हर्टरला लो व्होल्टेज कटऑफ आहे, म्हणजे व्होल्टेज फार उतरला की तो आपोआप बंद होतो, म्हणून मी निवांत झोपायचो, पण तो कट होतो २१ च्या आसपास, आणि लेड ॲसिडची, म्हणजे गाडीच्या साध्या बॅटऱ्यांची, जोडी २४.४ ला आली तेव्हाच निम्मी रिकामी झालेली असते. म्हणजे हा कटऑफ इन्व्हर्टरला वाचवतो, तुमच्या सेल्फला (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरला) नाही. एका पहाटे चावी फिरवली तर नुसतं टक. परत टक. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू केली, माल दोन तास उशिरा पोचला, आणि त्या दिवशी ठरवलं की केबिनची लाइन गाडीपासून तोडायची.

आता काय आहे सांगतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-अवर बॅटरी, म्हणजे अडीच युनिटच्या थोडं वर. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या लाइनवरून ही बॅटरी भरणारा), १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर (घरच्या विजेसारखी लाट देणारा), २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर आणि शंटवाला बॅटरी मॉनिटर, म्हणजे बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजून किती टक्के उरली ते दाखवणारा. चार्जर इंजिन चालू असतानाच भरतो, इंजिन बंद की लाइन तुटली. मधे चार्जर न टाकता लिथियम थेट डायनामोला जोडायचा सल्ला एकाने दिला होता, ऐकला नाही ते बरं झालं, रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि डायनामो तासन् तास फुल लोडवर तापत बसतो.

प्युअर साइन का, तर मला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं. जुन्या इन्व्हर्टरवर त्याचा ॲडॉप्टर गुणगुणायचा आणि हात लावला तर चटका बसायचा. आता थंडगार. मात्र मशीनचा पाणी गरम करायचा हीटर बंद ठेवतो, तो चालू असला की रात्रीचा खर्च जवळपास दुप्पट होतो.

एका रात्रीचा हिशोब: मशीन २४० वॅट-अवर, कंप्रेसरवाला फ्रिज दोनशेच्या आसपास, पंखा १२०, लॅपटॉप दोन तास १२०, मोबाइल किरकोळ. आणि इन्व्हर्टर स्वतः काहीही न चालवता १५ वॅट खातो हो! चोवीस तास चालू राहिला तर साडेतीनशेच्या वर गेले, म्हणजे माझ्या पंख्याच्या तीन रात्री. हे मॉनिटर लावल्यावर कळलं, तोवर मी फ्रिजला शिव्या देत होतो. फ्रिज आता थेट २४ वर आणि पंखा कन्व्हर्टरच्या १२ वर आहे, इन्व्हर्टर फक्त लॅपटॉप आणि मशीनपुरता, सकाळी उठलो की बटण बंद. उठल्यावर बॅटरी ६५ टक्क्यांच्या आसपास दिसते आणि गाडी दोनेक तास पळाली की परत फुल.

मॉनिटरवर पैसे वाचवू नका. लिथियमचा व्होल्टेज ८० टक्क्याला आणि ४० टक्क्याला जवळजवळ सारखाच दिसतो, नुसत्या व्होल्टमीटरवरून काही अंदाज येत नाही.

आता थिंबल. ज्याने फिटिंग केलं त्याने बॅटरी स्लीपरखाली (केबिनमधल्या झोपायच्या बाकाखाली) डाव्या बाजूला, इन्व्हर्टर ड्रायव्हर सीटच्या मागे, आणि मधे पाच मीटर ६ एमएमची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली, थिंबल पकडीने दाबलेले. वर फ्यूज ८० अँपिअरचा, इन्व्हर्टरच्या हिशोबाने. तिसऱ्या महिन्यात पाण्याची छोटी किटली लावली होती, ८०० वॅटची, आणि प्लॅस्टिक भाजल्याचा बारीक वास आला. आधी वाटलं किटलीच. गादी उचलली तर पॉझिटिव्हच्या थिंबलपासून बोटभर वायर तपकिरी झालेली, आणि थिंबल हाताने फिरवला तर फिरत होता. मीटर लावला, बॅटरीवर २६.२, इन्व्हर्टरच्या टोकाला २४.८. ३५ अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेत गायब, म्हणजे जवळपास ५० वॅट नुसती वायर आणि जोड तापवण्यात, तेही माझ्या गादीखाली. फ्यूज उडायचा प्रश्नच नव्हता, ८० चा फ्यूज त्या वायरला कसला वाचवतोय, वायर आधी जळेल. फ्यूज वायर बघून टाकायचा असतो आणि बॅटरीच्या जवळात जवळ, हे मला तेव्हा कळलं, फिटिंगवाल्याला अजून कळलंय की नाही देव जाणे.

मग इन्व्हर्टर उचलून बॅटरीशेजारीच आणला, वायर दीड मीटरवर आली, २५ एमएमची टाकली, थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने (थिंबल दाबायच्या खास यंत्राने) दाबून घेतले, निगेटिव्हही चेसिसवर न सोडता थेट बॅटरीला नेला. आता तीच किटली लावली तर फरक ०.१ व्होल्टचा. आणि गाडी हादरते, नट ढिले होतात, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा पान्हा फिरवतोच.

चार्जरचंही एक. तो बंद खणात बसवला होता, पहिला तासभर २० अँपिअर द्यायचा आणि मग तापून १२ वर यायचा. खणाचं दार काढलं, मागे हवेला जागा ठेवली, तेव्हापासून २० ला टिकून आहे. दार अजून मागच्या बाजूला पडलंय.

थंडीत एकदा घाटावर गाडी दोन दिवस उभी होती, इंजिन सुरू केलं तर चार्जिंग शून्य. घाबरलो. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते म्हणून बॅटरीतली बीएमएसच (बॅटरी सांभाळणारी आतली सर्किट) रोखते, वापरायला देते पण भरून घेत नाही. केबिन हीटरने ऊब आली आणि अर्ध्या तासात आपोआप सुरू झालं.

एसी चालेल का म्हणून सगळे विचारतात. पार्किंग एसी सरासरी ४०० वॅट धरा, बाकी सगळं बंद ठेवून माझी बॅटरी सहा तास ओढेल, त्यात मशीन आणि फ्रिज आला तर रात्र निघत नाही. त्यासाठी दुप्पट बॅटरी हवी आणि ती भरायला मोठा चार्जर, मी त्या फंदात पडलो नाही, पंख्यावर भागवतो. पण आधी लॅपटॉप आणि मशीनसाठी कधीकधी इंजिन चालू ठेवून झोपायचो, तासाला दोन-तीन लिटर डिझेल उभ्याउभ्या जायचं आणि वर ती थरथर. ते पूर्ण थांबलं.

आठ महिन्यांत सेल्फने एकदाही दगा दिला नाही. तक्रार एकच उरलीय, इन्व्हर्टरचा कूलिंग फॅन रात्री मधेच घूं करून सुरू होतो आणि तो आता बरोब्बर माझ्या उशीखाली आहे. मशीन थेट २४ वर चालवणारा कन्व्हर्टर मिळतो, तो मागवलाय.