जुन्या बुलेटला व्हीएम २८ : साताऱ्यात आठ महिने चालवल्यावर

गाडी १९९६ ची कास्ट आयर्न बुलेट ३५०, पॉइंटवरची, म्हणजे ठिणगी यांत्रिक संपर्काने पाडणारी. मूळचा मिक्कार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर काढून बुलेट ५०० चा व्हीएम २८ लावला (आकडा म्हणजे तोंडाचा व्यास, मि.मी. मध्ये). कारण पॉवर नव्हे, झीज. जुन्याची स्लाइड (मुठीबरोबर वरखाली होऊन तोंड उघडणारा भाग) अर्ध्यावर धरून बोटाने हलवली की टकटक वाजायची. बॉडी अशी अंडाकार झाली की रिपेअर किट टाकून फरक पडत नाही. हवा स्लाइडच्या कडेने शिरत राहते आणि आयडलिंग कुठल्याच स्क्रूने धरत नाही. नुसत्या पॉवरसाठी २८ लावणार असाल तर वरच्या रेसला गाडी थोडी मोकळी होते, एवढंच. खालच्या रेसला उलट किंचित ढिली वाटते, कारण मोठ्या तोंडातून हवेचा वेग कमी पडतो.

जेटला (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) हात लावण्याआधी इग्निशन बघा. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी., आणि टॅपेटची फट थंड इंजिनावर अशी की व्हॉल्व्ह ढकलणारा पुशरॉड बोटाने फिरावा पण वरखाली खेळू नये. अर्ध्याअधिक ‘कार्बोरेटरच्या’ तक्रारी इथेच संपतात.

बसवताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, २८ चं तोंड आणि ३५० च्या हेडचं पोर्ट यांत पायरी राहते. अडॅप्टर (दोघांमधला जोड-तुकडा) आतून उतरता घासून घ्यावा. त्याचं तोंड काचेवर वॉटरपेपर ठेवून सपाट करावं, नाहीतर गॅस्केट कितीही नवं असलं तरी हवा ओढतं. इंजिन आयडलवर ठेवून जोडावर कार्ब क्लीनरचा फवारा मारा. रेस बदलली तर लीक आहे. रेस सोडल्यावर इंजिन वरच रेंगाळत खाली येतं, तेही बहुतेक वेळा याच कारणाने.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. २८ ची स्लाइड २४ पेक्षा ४ मि.मी. जास्त उचलावी लागते. ॲक्सिलरेटरची जुनी मूठ आणि केबल तेवढी ओढतेच असं नाही. फिल्टरचा पाइप काढा, मूठ पूर्ण पिळा आणि मागून तोंडात बघा. इथे स्लाइडची खालची कड चंद्रकोरीएवढी आत दिसत होती. म्हणजे फुल रेस कधी होतच नव्हती आणि मेन जेटच्या सगळ्या चाचण्या वाया. केबलची आतली तार किंचित आखूड करून बसवल्यावर तोंड साफ उघडलं. त्यानंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आयडल चढत नाही ना, तेही बघायचं.

आता सेटिंग. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. त्याशिवाय कुठला भाग चुकतोय ते कळत नाही. पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट, पावपर्यंत स्लाइडचा कटअवे (खालची तिरकी कापलेली कड), पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेली सुई, पुढे मेन जेट. पायलट २५ नंबर ठेवला. या कार्बोरेटरचा स्क्रू हवेचा आहे : बाहेर काढला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी), आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त). इंजिन चांगलं तापल्यावर, रेस सर्वांत वर जाते ती जागा शोधायची. ती एक फेऱ्याच्या आत आली तर लावलेला पायलट लहान पडतोय, अडीचच्या बाहेर गेली तर मोठा होतोय. इथे दीडवर बसली.

मेन जेट सोबत ११० आला. स्टॉक सायलेन्सरला तो जड होता : पाऊणच्या पुढे गाडी गुदमरायची आणि प्लग काजळीने काळा. १०० वर आणला. तपासायला रहिमतपूर रस्त्याला पहाटे जावं, हायवेवर हा उद्योग नको. फुल रेसमधून मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट जोरात ओढली तर जेट लहान आहे. बाजारातल्या स्वस्त जेटवरच्या नंबरावर मात्र विसंबू नका. एकाच नंबराचे दोन जेट उजेडाला धरले तर भोकं वेगळी दिसली. तार घालून जेट साफ करणाऱ्याला तर गाडीजवळ येऊ देऊ नये.

सुईवर जास्त वेळ गेला. सातारा साधारण ७०० मीटरवर, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. केळघरच्या घाटात वळणावळणाला पाव रेसवरून गाडी उचलावी लागते आणि वर हवा विरळ म्हणून मिश्रण आपोआप रिच होतं. सुईची क्लिप मधल्या खाचेत असताना साताऱ्यात उत्तम, पण घाटमाथ्याजवळ गाडी भुडभुडायची. क्लिप एक खाच वर, म्हणजे सुई खाली, केल्यावर घाट सुधारला आणि खाली साताऱ्यात सकाळी चोक थोडा जास्त वेळ लागू लागला. ही तडजोड मान्य आहे. घाट न चढता रोज कराडलाच जाणाऱ्याने मधली खाच सोडू नये.

मग ई २० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. आपल्याच उसाच्या मळीतून निघालेलं इथेनॉल शेवटी आपल्याच टाकीत येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई २० ला साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर गाडी लीन चालते. मेन १०० वरून १०५ केला तेव्हा चढावरची तापल्यासारखी टिकटिक थांबली. सरासरी तीसवरून सत्तावीसवर आली, त्यात २८ चाही वाटा आहे.

एअर फिल्टरच्या मूळ डब्याऐवजी लावलेला उघडा पॉड फिल्टर मात्र दोन महिन्यांत काढून टाकला. आडवा वारा लागला की मिश्रण हलतं आणि जुलैत मेढ्याच्या पुढे तो भिजून गाडीचा श्वासच कोंडतो. मूळचा डबा परत लावल्यावर सेटिंग स्थिर राहिलं.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बाउलचा (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागते.