ब्लॅकन-डॉक्स: पायथनच्या नोट्स लिहिणाऱ्यायले लय कामाचं टूल

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात पोरायले पायथन शिकवतो, नोट्स मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा वापरून मजकूर लिहायची पद्धत) लिहितो, अन् त्यातले कोडचे ब्लॉक नीट दिसले पाह्यजे हा माह्या आग्रहच हाय, कारण पोरं जसं पाहतात तसंच लिहितात. त्यासाठी ब्लॅकन-डॉक्स एक नंबर. पिपनं (पायथनची टूलं टाकायची कमांड) टाकायचं, मंग नेट नसलं तरी चालते, म्हणजे आमच्याकडं सोयच झाली. कमांडपुढं फाईलचं नाव दिलं की मार्कडाउन, रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट नाहीतर लेटेक अशा फाईलींमधले पायथनचे ब्लॉक शोधून त्यायले ब्लॅकच्या (पायथनचा कोड एकसारखा मांडून देणारं टूल) वळणात बसवते, बाकी मजकुराले हात लावत नाही. तूर, सोयाबीन, कापसाच्या भावाची एक लांबलचक डिक्शनरी (पायथनमधली नाव अन् किमतीच्या जोड्यायची यादी) होती, ब्लॅकच्या ओळीच्या ८८ अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेलेली, तिचा एकेक भाव वेगळ्या ओळीवर आला, सिंगल कोटचे डबल कोट झाले, शेवटी स्वल्पविराम बी लागला. वाचाले किती सोपं!

मले सगळ्यात आवडलं ते हे का एखाद्या ब्लॉकात सिंटॅक्स चुकला असंल तर फाईलचं नाव अन् ओळ नंबर सांगते अन् फाईल बदलतच नाही. मुद्दाम अर्धवट कोड दाखवायचा असंल तं स्किप-एरर्सचा पर्याय द्यायचा.

खटकते एवढंच, अख्खं फोल्डर देता येत नाही, फाईली नावानं द्या लागतात. अन् फक्त पायथन, जावास्क्रिप्टच्या ब्लॉकले दुसरं काही पाहा. गिट (कोडातले बदल जपून ठेवणारं टूल) वापरत असान तर प्री-कमिटमध्ये, म्हणजे बदल जपायच्या आधी आपोआप तपासणी करणाऱ्या टूलमध्ये, लावून टाका भाऊ.