अण्णांचं ईसीजी यंत्र: आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये अण्णांसाठी खिशात मावणारं ईसीजीचं यंत्र घेतलं. घेण्याआधी मला नीट माहिती कुठेच मिळाली नव्हती, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगायचंय ते अशा सगळ्याच यंत्रांना लागू आहे.

अण्णा ७१ वर्षांचे. मधूनच छातीत धडधडायचं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. तीनदा ईसीजीची पट्टी काढली, तिन्ही वेळा नॉर्मल. धडधड होत असतानाच पकडायची, एवढ्यासाठी हे घेतलं. दोन्ही हातांची बोटं धातूच्या दोन पट्ट्यांवर ठेवायची, ३० सेकंद हलायचं नाही, मोबाइलवर रेघ उमटते आणि खाली शेरा येतो.

पहिला महिनाभर मी फक्त तो शेराच वाचत होते. आज 'नॉर्मल', उद्या 'ठोके अनियमित', परवा 'निष्कर्ष काढता येत नाही'. घरात उगाच घोर. एकदा मोबाइल चार्जिंगला असतानाच पट्टी काढली, तर रेघ जाड आणि केसाळ. मोठी करून पाहिली तर रेघेमागच्या ग्राफच्या प्रत्येक छोट्या चौकोनात दोन-दोन बारीक कंगोरे. घरातली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, म्हणजे बरोबर दोनच बसणार! चार्जर काढला, रेघ स्वच्छ झाली. थंडीत बोटं कोरडी पडली की असाच गोंधळ होतो, ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. कोपरं टेबलावर टेकवावीत, नाहीतर हाताच्या स्नायूंची थरथरही रेघेत उतरते.

रेघ वाचायला मात्र मला अण्णांनी शिकवलं. त्यांचं उभं आयुष्य सोलापुरी चादरीच्या डिझाइनचे ग्राफ भरण्यात गेलं. चौकोन भरला की मागाच्या कार्डाला भोक, भोक पडलं की तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जाणार. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना एकदाच सांगितलं: कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, पाच छोट्या चौकोनांचा एक मोठा, तो ०.२ सेकंदाचा. चष्मा लावून ते पट्टीवर पेन्सिल फिरवत बसले. "आधी बारकी टेकडी, मग सुई, मग पसरट टेकडी. हाच नमुना पुन्हा पुन्हा येतोय का, ते बघ." बारकी टेकडी म्हणजे पी, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज गेल्याची खूण. सुई म्हणजे क्यूआरएस, खालच्या कप्प्यांची. पसरट टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्वस्थितीला येतात ती. पी सुरू झाल्यापासून सुई सुरू होईपर्यंत तीन ते पाच छोटे चौकोन, आणि सुईची रुंदी तीनच्या आत. दोन सुयांमधल्या मोठ्या चौकोनांनी ३०० ला भागलं की मिनिटाचे ठोके. अण्णांचे चार चौकोन, म्हणजे ७५.

जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. रात्री अकराला अण्णांनी हाक मारली, "पोरी, सुरू झालं बघ." पट्टी काढली. शेरा आला, 'निष्कर्ष काढता येत नाही'. पण रेघेत सुया अडीच चौकोनांवर, मग तीन, मग दोन, कुठलाच मेळ नाही. बारकी टेकडी गायब, तिच्या जागी रेघ नुसतीच थरथरत होती. अण्णा म्हणाले, "नमुनाच मोडलाय." ठोके असे वेडेवाकडे पडत असताना ३०० चा हिशेब चालत नाही. म्हणून ३० मोठे चौकोन, म्हणजे ६ सेकंद धरले आणि त्यातल्या १३ सुयांना १० ने गुणलं. १३०.

तशीच रिक्षा करून दवाखान्यात नेलं. बारा लीडच्या, म्हणजे हृदयाकडे बारा दिशांनी बघणाऱ्या ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. यात वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. अण्णांचं वय आणि बीपी बघून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी चालू केली. तीन वर्षांची धडधड त्या रात्री पकडली गेली. यंत्राचे पैसे माझ्यासाठी तिथेच फिटले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे यंत्र हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. उजवा हात ते डावा हात, एवढी एकच दिशा त्याला दिसते. शेजारच्या काकांना छातीवर दाब आणि दरदरून घाम, म्हणून काकू पळत आल्या, "तुमचं मशीन आणा." मी नेलं, शेरा आला 'नॉर्मल'. काका उठून बसायला लागले! मी ऐकलं नाही, लगेच रुग्णालयात पाठवलं. झटकाच होता. तेव्हापासून छातीत दुखत असेल तर मी यंत्र कपाटातून काढतच नाही, थेट १०८ ला फोन करते.

तक्रार एकच, पण मोठी. मधूनच एखादा ठोका लवकर पडला तरी अ‍ॅप 'फिब्रिलेशनची शक्यता' म्हणून घाबरवतं. अशा वेळी बाकीच्या सुयांआधी टेकडी नीट दिसते, मधली एखादीच सुई लवकर आलेली असते. कस्टमर केअरला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

अण्णा रोज सकाळी चहाआधी पट्टी काढतात आणि जुन्या डिझाइनच्या वहीत तारीख, ठोके आणि 'टेकडी आहे' किंवा 'टेकडी नाही' असं लिहितात. गेल्या तपासणीला डॉक्टरांनी मोबाइल बाजूला ठेवून ती वहीच आधी मागितली.