‘डिझेलचं ऑइल काळंच असतं, साहेब’

खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवर लाल झारी पेटली. जानेवारी २०२४. पुण्याहून कराडला निघालो होतो. गाडीत आई, बायको, मुलगा. मागे ट्रकांची रांग, बाजूला घ्यायला जागा दिसेना, म्हणून तीन-चार मिनिटं तशीच चढवली. ही माझी चूक, लपवत नाही. ती झारी म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. दिसली की जिथे असाल तिथे इंजिन बंद. आधी खालून टकटक, मग पिंपावर हातोडा बसावा तसा ठोका, आणि गाडी थांबली ती थांबलीच. सेल्फ मारला तर इंजिन जागचं हलेना.

तरी मी शांत होतो. मार्च २०२१ ची गाडी, ४६ हजार किलोमीटर, वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्या अधिकृत सेंटरला, सगळी बिलं फाइलला. बायकोला म्हणालो, कंपनी बघून घेईल.

सेंटरने ‘इंजिन खोलून तपासायला संमती’ म्हणून जॉब कार्डवर सही मागितली. मी ऑफिसातून फोनवरच ओटीपी देऊन टाकला. घाटातल्यापेक्षा ही चूक महागात पडली, कारण इंजिन माझ्यामागे उघडलं गेलं. दोन दिवसांनी निकाल आला: चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत चिखल, ऑइल पंपाची जाळी चोंदलेली, बेअरिंग फिरलेलं, क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा गेला. कारण, ‘ऑइल वेळेवर न बदलणे’. म्हणजे मालकाचा हलगर्जीपणा, म्हणून वॉरंटी नाही. एस्टिमेट दोन लाख अडतीस हजार.

“अहो, पण ऑइल बदलणारे तुम्हीच ना?”

“मधे बाहेर कुठे टॉप-अप केलंत का, साहेब?” सेंटरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरचा आवाज इतका गोड, की क्षणभर मलाच वाटलं, केलं असेल का?

मग मी उघडलेलं इंजिन बघायला गेलो. ट्रेमध्ये ऑइल फिल्टरचा डबा पडला होता. पुसून पाहिला तर छापलेला महिना मार्च २०२२. त्यानंतर माझ्या तीन सर्व्हिस झालेल्या, प्रत्येक बिलात नवा फिल्टर आणि पूर्ण ऑइल. ॲडव्हायझर म्हणाला, जुना स्टॉक असेल. असेलही. पण शेवटच्या दोन बिलांवर फिल्टरचा जो पार्ट नंबर होता, तो डब्यावर नव्हता. मधल्या काळात कंपनीने नंबर बदलला होता. गाडीवर जुन्या नंबरचाच फिल्टर. म्हणजे जवळपास २६ हजार किलोमीटर तोच फिल्टर, आणि बहुधा ऑइलही तेच. पैसे मात्र दोनदा घेतलेले.

मागच्या सर्व्हिसनंतर आठवड्याने मी ऑइल मोजायची पट्टी काढून बघितलीही होती. ऑइल काळंकुट्ट. विचारलं तर उत्तर मिळालं, “डिझेलचं ऑइल काळंच असतं, साहेब.” त्यात खोटं काहीच नाही. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं. म्हणूनच डिझेलवाल्याला गंडवणं सोपं. लेव्हल बरोबर होती, रंगावरून कळायला मार्ग नव्हता.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक असून आमचं नातं ‘प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल’ आहे, म्हणजे दोघांचे धंदे वेगळे, त्याच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही. डीलर म्हणे, वॉरंटी मंजूर करणं कंपनीच्या हातात. शोरूमच्या दारावर, बिलावर, पोरांच्या शर्टावर कंपनीचा लोगो. आणि जबाबदारीच्या वेळी हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत! नंतर ‘गुडविल’ आलं, म्हणजे हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून: पार्ट्सचे साठ टक्के कंपनी देईल, मजुरी तुमची, आणि ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ या पत्रावर सही. वर तेव्हाच निर्णय न घेतल्यास रोजचं पार्किंग भाडं.

मी नेटवर वाचून ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा दावा ठोकायला निघालो होतो. वकील मित्राने अडवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते प्रकरण आहे, पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. इंजिन फुटून माणूस जखमी झाला तर ते कलम. नुसतं इंजिन गेलं तर ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून तक्रार, डीलर आणि कंपनी दोघांना पक्षकार करून. मुदत दोन वर्षं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद केली, मग नोटीस, मग ऑनलाइन तक्रार. नोटिशीला फिल्टरचे आणि बिलांचे फोटो शेजारी शेजारी लावले. गाडी तशीच उघडी ठेवली. बाहेर दुरुस्त केली असती तर तपासायला उरलं काय असतं? हप्ता चालू, गाडी बंद, मी रिक्षाने ऑफिसला. सात महिने.

पहिल्या तारखेच्या आधी फोन आला. सगळे पार्ट्स कंपनी देणार, मजुरी डीलर. चूक कबूल नाही, भरपाई नाही. बायको म्हणाली, घ्या आता. घेतलं.

आता सर्व्हिसला देण्याआधी फिल्टरवर बायकोच्या नेलपेंटचा ठिपका लावतो, ऑइल काढताना पिटशेजारी उभा राहतो आणि जुना फिल्टर डिकीत टाकून आणतो. ॲडव्हायझर वैतागतो. वैतागू दे.

तडजोडीत दोन अटी होत्या. एक, वॉरंटीत बदललेले जुने पार्ट्स कंपनीचे, म्हणून तो फिल्टरही परत करायचा. दिला, फोटो आहेत. दुसरी, नाव कुठेही लिहायचं नाही. तेव्हा कोणती कंपनी, कोणतं सेंटर, ते विचारू नका. सही केली आहे.