304, 316, 430 की 202 : स्वयंपाकघरासाठी स्टेनलेस स्टील निवडताना

चार ग्रेडची चार पातेली शेजारी शेजारी मांडली, तर ती डोळ्यांना सारखीच दिसतात. चारही चकचकीत असतात आणि चारहींना स्टेनलेस हेच नाव असते. तरीही त्यांतले एखादे वर्षभरात डागाळते आणि दुसरे वीस वर्षे वापरूनही तसेच राहते. फरक धातूच्या मिश्रणात असतो. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणता येते. या क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, न दिसणारा थर तयार होतो आणि तो खरचटला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. अन्नासाठी स्टील किती सुरक्षित हे मुख्यतः हा थर किती टिकतो यावर ठरते, आणि त्याचे दोन मोठे शत्रू म्हणजे मीठ आणि आंबटपणा. म्हणून निवड करताना मी भांड्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो की, खारट किंवा आंबट ओला पदार्थ त्यात किती वेळ राहणार आहे.

304 हा ग्रेड सर्वांत परिचित आहे. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 ते 10.5 टक्के निकेल असते, आणि भांड्यांवर दिसणारे 18/8 किंवा 18/10 हे आकडे याच प्रमाणाचे असतात. निकेलमुळे धातू लवचीक होतो, पत्रा न फाटता त्यातून खोल पातेली ओढून घडवता येतात आणि गंजाला होणारा विरोधही वाढतो. 18/8 आणि 18/10 यांत रोजच्या वापरात जाणवेल असा फरक नाही. केवळ त्या दोन आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

316 मध्ये क्रोमियम थोडे कमी, म्हणजे 16 ते 18 टक्के, निकेल 10 ते 14 टक्के आणि शिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते. सगळा फरक या मॉलिब्डेनमचा आहे. मिठातील क्लोराइड संरक्षक थराला जागोजागी भोके पाडते आणि त्या भोकांच्या आत गंज खोल उतरतो. मॉलिब्डेनम नेमका या प्रकाराला अटकाव करतो. 304 च्या एका पातेल्यात मी एकदा गार पाण्यात मूठभर मीठ टाकून ते न ढवळता रात्रभर ठेवले होते. सकाळी पाणी ओतल्यावर, जिथे मिठाचे खडे बसले होते तिथे टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके उमटलेले दिसले. बोट फिरवले की ते किंचित खरखरीत लागत होते आणि कितीही घासले तरी गेले नाहीत. ते पातेले आजही वापरात आहे, कारण अशा उथळ ठिपक्यांनी भांडे निकामी होत नाही. पण मीठ नेहमी उकळत्या पाण्यात घालून ढवळावे, हा धडा त्यातून मिळाला. हेच काम रोज करायचे असेल, म्हणजे मिठाचे पाणी किंवा व्हिनेगर घातलेले पदार्थ दिवसेंदिवस साठवायचे असतील, तर त्या एका डब्यापुरते 316 घेणे रास्त आहे. ताटे, वाट्या, चमचे 316 चे घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. एक सावधगिरी मात्र बाळगावी: 18/10 एवढ्याच आकड्यावरून भांडे 316 चे ठरत नाही, कारण त्या आकड्यात मॉलिब्डेनमचा उल्लेखच नसतो.

खरी फसगत होते ती 200 मालिकेत. 1950 च्या दशकात निकेलचा तुटवडा पडला तेव्हा त्याऐवजी मँगनीज आणि नायट्रोजन वापरून ही मालिका पुढे आणली गेली. 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के आणि मँगनीज 7.5 ते 10 टक्के असते. 201 मध्ये निकेल त्याहूनही कमी असते. हे स्टील कठीण असते, त्यामुळे त्याच्या पातळ भांड्याला पोच कमी पडतात आणि नवेपणी चमकही उत्तम दिसते. परंतु मीठ आणि ओलावा यांपुढे ते 304 इतके टिकत नाही. कडांवर, जोडांवर आणि चमच्याच्या मुळाशी तपकिरी डाग आधी याच मालिकेत दिसू लागतात. कोरडा जिन्नस ठेवण्याचे डबे, पाण्याचे पेले, ट्रे यांना ते पुरेसे आहे. आंबट पदार्थ तासभर शिजवण्यासाठी किंवा साठवण्यासाठी मी ते घेणार नाही.

येथेच चुंबकाची प्रसिद्ध परीक्षा कुचकामी ठरते. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील चांगले, असा समज सर्वत्र आहे. पण 304 आणि 202 या दोहोंची अंतर्गत रचना एकाच प्रकारची असल्याने चुंबक दोघांनाही चिकटत नाही. उलट अस्सल 304 चे खोल भांडे घेऊन चुंबक तळाच्या मध्यावरून काठाकडे सरकवत नेला, तर वळणापाशी तो हलकेच ओढला गेल्याचे जाणवते, कारण थंड अवस्थेत ताणल्याने धातूच्या रचनेचा काही भाग चुंबकीय बनतो. म्हणजे या परीक्षेत 202 पास होते आणि 304 वर उगीच संशय येतो. नक्की ओळख हवी असेल तर मँगनीज ओळखणारे रसायनाचे थेंब किंवा क्ष-किरणांवर चालणारे मिश्रधातू-तपासणी यंत्र यांचाच उपयोग होतो. घरी ते शक्य नसल्याने भांड्यावर कोरलेला ग्रेड आणि बिलावर तोच ग्रेड लिहून घेणे, हा व्यवहार्य मार्ग उरतो. 'फूड ग्रेड' एवढेच शब्द असतील आणि आकडा नसेल, तर त्या शब्दांवरून ग्रेडचा काहीही बोध होत नाही.

चुंबकाच्या परीक्षेत सर्वाधिक अन्याय होतो तो 430 वर. यात 16 ते 18 टक्के क्रोमियम असते आणि निकेल जवळजवळ नसते, म्हणून त्याला 18/0 असेही म्हणतात. चुंबक त्याला घट्ट चिकटतो, आणि तरीही ते अन्नासाठी वापरले जाणारे प्रामाणिक स्टील आहे. मिठापुढे ते 304 हून कमी पडते आणि ओले ठेवले तर डाग धरते, हे खरे. पण काटे-चमचे, ताटे, झाकणे यांसाठी ते चालते आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला तर तेच अधिक सोयीचे आहे.

निकेलचा विषय निघालाच आहे, तर अन्नात धातू उतरण्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. स्टेनलेस स्टीलमधून काहीच उतरत नाही, हे विधान बरोबर नाही. अमेरिकेतील ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोमॅटोचा सॉस स्टीलच्या संपर्कात कित्येक तास शिजवला, तेव्हा त्यात निकेल आणि क्रोमियम उतरलेले आढळले. मात्र नव्या स्टीलमधून ते सर्वाधिक उतरले, पुढच्या वेळी कमी होत गेले आणि सहाव्या वेळेनंतर स्थिरावले. दहाव्या वेळेनंतर 126 ग्रॅम सॉसमागे निकेल सरासरी 88 मायक्रोग्रॅम होते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 साली निकेलची रोजची सहन होणारी मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 13 मायक्रोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला 780 मायक्रोग्रॅम. निरोगी माणसाने यावरून घाबरण्याचे कारण नाही. निकेल सोसत नसेल त्याने आंबट पदार्थ फार वेळ स्टीलमध्ये शिजवू नयेत आणि त्यातच तसेच ठेवू नयेत. अशा कामाला काचेचे किंवा चांगल्या प्रतीचे एनॅमलचे भांडे बरे. नवे पातेले आणल्यावर त्यात पहिल्या काही वेळा आंबट काही न शिजवणे, ही सवय मात्र कोणीही लावून घ्यावी.

ग्रेड ठरला की तळाकडे वळावे, कारण रोजचे सुख-दुःख तेथे असते. 304 उष्णतेचा वाईट वाहक आहे. शुद्ध ॲल्युमिनियम त्याच्या साधारण चौदा पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे एकेरी पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या वर्तुळाएवढाच भाग तापतो आणि अन्न तेथे खाली लागते. पाणी उकळायला असे भांडे पुरते. दाट पदार्थ शिजवायचे असतील तर तळाला ॲल्युमिनियमची जाड चकती बसवलेले भांडे किंवा ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या पत्र्याचे भांडे, यांतून निवड करावी. चकतीच्या भांड्यात तळ सारखा तापतो, पण मोठ्या ज्योतीवर चकती संपते त्या रेषेवर कडेने करपते. ट्रायप्लायमध्ये आत 304, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर बहुधा 430 असा थर काठापर्यंत जातो. बाहेरच्या 430 मुळेच ते इंडक्शनवर चालते. कढई आणि पसरट तवा ट्रायप्लाय असावा, पातेल्याला चकती पुरे, असे माझे मत आहे.

घडणावळीतील एक बारीक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. काठ बाहेर गोल वळवला असेल आणि वळण पूर्ण बंद नसेल, तर धुतल्यावर त्या पोकळीत साबणाचे पाणी साचते, भांडे पालथे घातल्यावर तासाभराने थेंब पडतो आणि पुढे तेथूनच गंजाचा ओघळ उतरतो. नखाने फट लागते का ते पाहिले की कळते. आतल्या बाजूचे रिव्हेट आणि ओबडधोबड वेल्डिंग यांच्या कडेलाही अन्न अडकते. पाठीमागून वेल्ड केलेली मूठ स्वच्छतेला सोपी. लोखंडी तारेची घासणी आणि क्लोरीनयुक्त ब्लीच सर्वच ग्रेडना वाईट. गरम झाल्याने उमटणारी निळी-सोनेरी झाक मात्र निरुपद्रवी असते आणि व्हिनेगरने निघते.

सुरीला यांतला कोणताही नियम लागू पडत नाही. 304 ला उष्णतेने कठीण करता येत नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. सुऱ्या 420 सारख्या, 12 ते 14 टक्के क्रोमियम आणि अधिक कार्बन असलेल्या स्टीलच्या करतात. अशा पात्यावर लिंबू कापून ते तसेच ठेवले की डाग पडतो, आणि तो धातू हलका असल्याचा पुरावा नसतो. पाते लगेच धुऊन, पुसून ठेवले नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.