कणकेचा गोळा की अक्षरं गिरवायची वही?
तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना घरी काय द्यावं, गिरवायची वही की कणकेचा गोळा, असं कोणी विचारलं तर मी सरळ कणकेच्या बाजूने आहे. वही सोयीची आहे हे खरं, पसारा होत नाही, प्रवासात पण चालते. पण या वयात मनगटातली हाडंच पूर्ण तयार झालेली नसतात ना, पेन्सिल घट्ट धरून ठिपके जोडताना आमच्या लेकीचं बोट अगदी पांढरं पडायचं आणि दोन ओळी झाल्या की "आई, हात दुखतोय".

कणकेचं तसं नाही, मी पोळ्या लाटायला घेतल्या की तिला लिंबाएवढा गोळा देते, ती मळते, साप वळते, मग त्याच सापाचा ट होतो, ठ होतो, लांब-आखूड, लहान-मोठं सगळं बोलता बोलता कळतं. गोळा थोडा टिकवायचा असेल तर २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, फक्त हा तोंडात जाऊ देऊ नका, मीठ फार असतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयाच्या पायाभूत टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. वही पाचव्या वर्षानंतर काढा, तेव्हाही दहाच मिनिटं.