डी हॅविलंड विमान संग्रहालय, लंडन कोल्नी: एका रिव्हेटवाल्याचा अभिप्राय

आधीच सांगून ठेवतो, नावात लंडन असलं तरी हे गाव लंडनमध्ये नाही. हर्टफर्डशायरमध्ये, एम-25 महामार्गाच्या 22 नंबरच्या जंक्शनजवळ. लेकीचं घर सेंट ऑल्बन्सला, तिथून गाडीनं जेमतेम वीस मिनिटं. गेले दोन महिने आम्ही उभयता तिच्याकडे आहोत. बकिंगहॅम पॅलेस झाला, थेम्समधली बोट झाली, साईबाबांचं मंदिर झालं. शेवटी जावईबापूंनी विचारलं, "बाबा, तुम्हाला स्वतःला काय बघायचंय?" मी म्हटलं, कॉमेट विमान.

थोडी ओळख देतो, म्हणजे पुढचं कौतुक कुठून येतंय ते कळेल. मी आयटीआय शीटमेटल. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात 31 वर्षं पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली आणि रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) ठोकले. आधी मिग-21 बिस, मग मिग-27. इंजिनिअर नाही. पण विमानाचा पत्रा भोकापासून फाटतो, हे मला पुस्तकाआधी हातानं शिकवलं गेलं. आमचे फोरमन ड्रिल मारून झाल्यावर भोकाच्या कडेवरून नख फिरवायचे. नख अडलं की बर (ड्रिलनं कडेला उभी राहिलेली खरखरीत धार) राहिला, काम परत. तेव्हा त्यांचा राग यायचा.

संग्रहालय सॅलिसबरी हॉल नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात आहे. वाड्याभोवती पाण्याचा खंदक, त्यात बदकं. ऑक्टोबर 1939 मध्ये, युद्ध सुरू होऊन महिना झाला असताना, डी हॅविलंड कंपनीनं हॅटफील्डच्या कारखान्यातून आपले डिझाइनवाले इथं आणून बसवले. शेजारी धान्याच्या कोठारासारखी दिसणारी शेड उभारली आणि तिच्यात मॉस्किटो या युद्धविमानाचा पहिला नमुना जोडला. तो नमुना, डब्ल्यू-4050, आजही इथंच आहे. 25 नोव्हेंबर 1940 ला तो पहिल्यांदा उडाला. युद्धानंतर तो जाळून टाकायचं ठरलं होतं; कंपनीतल्या बिल बेअर्ड नावाच्या गृहस्थानं तो लपवून लपवून वाचवला. हा वाडा विकत घेतलेले मेजर वॉल्टर गोल्डस्मिथ यांनी त्याला जागा दिली आणि 1959 मध्ये लोकांसाठी दार उघडलं. त्यामुळे हे ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं विमान संग्रहालय.

मॉस्किटो लाकडी आहे. हे वाक्य मी ओझरला शंभरदा ऐकलेलं, पण समोर उभं राहिल्यावर डोकं चालेना. बर्चच्या प्लायवूडचे दोन पातळ थर आणि मध्ये बालसाचं लाकूड, तेही इक्वेडोरचं. साच्यावर हे थर वाकवायचे, गोंद लावायचा, वरून पट्टे आवळून वाळू द्यायचं. अशा दोन अर्धुकांचं धड. वालाची शेंग उभी सोलल्यासारखी दोन अर्धुकं समोर ठेवायची, आतल्या तारा आणि नळ्या आधीच बसवून घ्यायच्या आणि मग शेंग मिटायची. आम्ही मिगच्या धडात वेटोळं होऊन, एक हात मागे, एक पाय कुठे तरी अडकवून बकिंग बार (रिव्हेटच्या मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरायचो. हे बघून मला खरंच हेवा वाटला. फर्निचरवाल्या सुतारांनी ही कामं केली आणि विमान तेव्हाच्या स्पिटफायर या लढाऊ विमानापेक्षा जोरात पळालं.

पहिल्या चाचण्यांत मात्र शेपूट थरथरायची. ताशी 240 मैलांच्या आसपास गेलं की वैमानिकाच्या हातात विमान वळवायची कांडी थडथडायला लागायची. हवा पंखावरून आणि इंजिनाच्या घरांवरून नीट वाहून न जाता भोवरे करत मागे आदळत होती. ते बघायचं कसं? पंखावर आणि इंजिनाच्या घरांवर लोकरीचे धागे चिकटवले आणि उडताना ते कुठे सरळ राहतात, कुठे वेडेवाकडे नाचतात ते पाहिलं. एक-दोन उपाय फसले. शेवटी इंजिनाची घरं पंखाच्या मागच्या कडेच्याही मागे लांबवली आणि थरथर गेली. हे मी नातवाला सांगितलं. घरी आल्यावर त्यानं आजीच्या विणकामाच्या पिशवीतली लोकर कापून टेबलफॅनसमोर चिकटवली. आजीनं कुणाला बोल लावले ते सांगायला नको.

त्याच नमुन्याचं धड फेब्रुवारी 1941 मध्ये बॉस्कम डाउनच्या विमानतळावर खडबडीत मैदानात चालवताना तडकलं, कारण मागचं चाक अडकलं. आणखी एका नमुन्याच्या धडाचा भाग वापरून ते दुरुस्त केलं. लाकूड तडकल्यावर दुरुस्त होतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण गोंदाचं काय? सुरुवातीचा गोंद केसीनचा, म्हणजे दुधापासून केलेला. 1944 च्या अखेरीस भारतात असलेल्या मॉस्किटोंचे पंख उडताना तुटू लागले आणि तिथली सगळी विमानं जमिनीवर बसवावी लागली. पहिला संशय आपल्या उन्हावर आणि दमट हवेवर गेला. चौकशीत मात्र निघालं की सांधे जुळवतानाच कारखान्यात फटी राहिल्या होत्या आणि गोंद सगळीकडे बसलाच नव्हता. मग पंखाच्या सांध्यावर लांबलचक प्लायवूडची पट्टी मारली. केसीनची जागाही फॉर्मल्डिहाइडच्या रासायनिक गोंदानं घेतली. कोकणात पावसाळ्यात दार फुगलं की आपण हवेला शिव्या देतो. सुतारानं फट ठेवली होती हे उन्हाळ्यात कळतं.

शेजारी व्हॅम्पायर आहे. याच्यापाशी मी जरा हळवा झालो, कारण आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट हेच, आणि बंगळूरच्या एचएएलमध्ये ते बनतही होतं. ओझरला बंगळूरहून बदली होऊन आलेले एक जुने साहेब सांगायचे, "अरे, आम्ही लाकडी जेट केलंय." आम्ही अप्रेंटिस पोरं पाठीमागे हसायचो. आता समोर फलकावर लिहिलेलं: वैमानिक बसतो तो पुढचा भाग बालसा आणि प्लायवूडचाच. साहेब आता नाहीत, नाहीतर फोन केला असता.

आता कॉमेट.

जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 27 जुलै 1949 ला पहिलं उड्डाण, 2 मे 1952 ला लंडन ते जोहान्सबर्ग प्रवासी सेवा सुरू. इथं जे आहे ते एअर फ्रान्सचं कॉमेट 1ए, नुसतं धड, पंख नाहीत. पण मूळच्या चौकोनी खिडक्या असलेलं हे एवढंच उरलंय. आत जाता येतं. छत खाली आहे, वाट अरुंद आहे, आणि एवढ्या माणसांनी यात बसून 35,000 फुटांवरून जायचं म्हणजे 1952 साली काय वाटत असेल!

जावईबापू आयटीतले. गाडीत त्यांनी मला व्हिडिओतलं ज्ञान दिलं होतं: "खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमानं पडली, मग गोल केल्या." मी तेव्हा गप्प राहिलो. खिडकीपाशी गेल्यावर म्हटलं, कोपऱ्यावरून बोट फिरवल्यासारखं करा, लावू नका. कोपरा गोल आहे. काटकोन नाहीच. मी त्यांना खिडकीपेक्षा तिच्या कडेनं गेलेली रिव्हेटची रांग बघायला सांगितली.

उंचावर बाहेर हवा विरळ, आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून हवा कोंबलेली. कॉमेटमध्ये हा फरक दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड. साडेसहा फूट बाय तीन फूट, म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढा पत्रा धरा, तर त्याच्यावर आतून दहा टनांहून जास्त रेटा. आणि पत्रा मिलिमीटरपेक्षा पातळ. प्रत्येक उड्डाणात एकदा फुगायचं, एकदा बसायचं. खिडकीच्या कोपऱ्याशी हा ताण गोळा होतो, आणि तिथंच रिव्हेटचं भोक. नख अडतं ते भोक.

10 जानेवारी 1954 ला एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, 35 माणसं गेली. विमानं थांबवली, तपासली, मार्चमध्ये पुन्हा सोडली. 8 एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ पडलं, 21 गेली. त्याआधी 2 मे 1953 ला एक कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून उडाल्यावर काही मिनिटांत वादळात तुटलं होतं, त्यात 43. त्याचं कारण वादळातला जोर असं ठरलं. ती गोष्ट वेगळी, पण आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी कॉमेट म्हटलं की कोलकाताच यायचं.

मग फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान संशोधन संस्थेत, सर आर्नल्ड हॉल यांच्या हाताखाली, जे झालं ते माझ्या मते विमानाच्या इतिहासातलं सगळ्यात देखणं काम. एक अख्खं कॉमेट, जी-एएलवाययू, लोखंडी टाकीत बसवलं. पंख टाकीच्या बाहेर, धड पाण्यात बुडालेलं, आतही पाणी. पंप करून आतला दाब वाढवायचा, उतरवायचा. बाहेर पंख जॅकनं वरखाली हलवायचे. एका उड्डाणाचा त्रास काही मिनिटांत. रात्रंदिवस. नातवानं विचारलं, "आबा, पाणी का? हवाच भरायची ना." शहाणा प्रश्न. हवा दाबली की आक्रसते आणि फाटताच बॉम्बसारखी पसरते. विमानाच्या चिंध्या झाल्या असत्या आणि पहिली भेग कुठे ते शोधायला काही उरलं नसतं. पाणी आक्रसत नाही. पत्रा फाटला की दाब लगेच पडतो आणि भेग जिथल्या तिथं राहते.

सेवेतली 1,221 आणि टाकीतली 1,836 मिळून 3,057 फेऱ्यांनंतर धड फाटलं. सुरुवात कुठून? संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून. कोपऱ्याजवळचा ताण मोजला तर पत्र्याच्या सहनशक्तीच्या 70 टक्क्यांच्या आसपास. कंपनीच्या हिशेबात तो 40 च्या आत होता. पुढे एल्बाच्या समुद्रातून छताचा तुकडा वर आला, तर तिथली भेग प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हतीच. वर छतात रेडिओच्या अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीपाशी होती. जावईबापूंनी मोबाइल काढून पाहिलं आणि मान हलवली. बाप्पा, जावयासमोर असा विजय वर्षातून एकदा मिळतो.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीत. कंपनीनं आधी चाचणी केली नव्हती असं नाही. धडाचा एक भाग घेऊन 18,000 वेळा फुगवला, तेव्हा कुठे तो फाटला. मग खरी विमानं हजाराच्या आसपास उड्डाणांतच का गेली? कारण चाचणीचा तो भाग आधी जास्त दाबानं, काही वेळा तर दुप्पट दाबापर्यंत, फुगवून तपासला होता. त्या जादा दाबानं कोपऱ्यातला पत्रा किंचित ताणला जाऊन कायमचा बसला, आणि नंतरच्या नेहमीच्या दाबाला तो नव्या पत्र्यापेक्षा टणक झाला. म्हणजे ताकद बघायची परीक्षा घेतली आणि तिनंच थकव्याच्या (पुन्हा पुन्हा ताणून पत्रा किती टिकतो या) परीक्षेत खोटे मार्क दिले. कुणाची लबाडी नाही, आळस नाही. मी खिडकीपाशी हे समजावत होतो तर मागे एक संग्रहालयाचे स्वयंसेवक आजोबा येऊन उभे राहिले. माझं इंग्रजी कारखान्यातलं, त्यांचं इथलं. तरी बर, होल, क्रॅक एवढ्यावर अर्धा तास गप्पा झाल्या. ते मला दुरुस्तीच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिथं स्वयंसेवक जुन्या विमानांची दुरुस्ती करत होते. एकाच्या हातात क्लेकोच्या पिना (रिव्हेट मारेपर्यंत पत्रे धरून ठेवणाऱ्या) होत्या, त्याच लांब नाकाच्या, आम्ही वापरायचो तशा. मी हात पुढे केला आणि त्यानं दोन माझ्या तळव्यावर ठेवल्या.

व्यवहाराचं बोलतो. उघडं असण्याचे दिवस आणि तिकीट निघण्याआधी वेबसाइटवर बघून घ्या, वर्षभर रोज उघडं नसतं. स्वेटर घ्या, हँगर म्हणजे हँगर. खायचं घरून न्या. आम्ही वाटेत एका पेट्रोल पंपावर समोसा घेतला, त्यातल्या बटाट्याची गारठ्यामुळे वीट झाली होती. ज्यांना विमानं म्हणजे आकाशातल्या कसरती वाटतात त्यांनी फेअरफर्डच्या एअर शोला जावं. ज्यांनी कधी काहीही हातानं जोडलंय, मग ते कपाट असो की शिलाई, त्यांनी इथं पूर्ण दिवस ठेवावा. डव्ह आणि हेरॉनही बघा. ही दोन्ही प्रवासी विमानं एके काळी आपल्याकडे उडायची. सी व्हिक्सनकडे मी फारसं पाहिलं नाही, क्षमस्व, तोवर पाय बोलायला लागले होते.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा माझ्या गुडघ्यांनी कापला, संग्रहालयाचा त्यात दोष नाही.

एल्बाच्या समुद्रातून काढलेला तो छताचा तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे असं आजोबांनी सांगितलं. पुढच्या रविवारी तिकडे. जावईबापू म्हणाले, ते स्वतःच येणार, आणि नातवानं विचारलंय की तिथं काचेतून नख फिरवता येईल का.